पट्टी भिजवायची नाही

“आत बायका आहेत. तू इथेच बस,” म्हणत दामारिसने मुलाला बाकावर जवळजवळ ढकललंच, आणि सुनेचा हात धरून ती सिस्टरच्या खोलीत शिरली.

ओदेरो बसला. तळ्यावरून वारा सुटला होता. वाळत घातलेल्या ओमेनाचा, त्या बोटाएवढ्या मासळीचा, वास दवाखान्यापर्यंत येत होता. तेव्हा दवाखाना मासळीच्या धक्क्याला लागूनच होता. दोन खोल्या आणि वर पत्रा.

महिन्यापूर्वी त्याला बायकोच्या डाव्या दंडात, कातडीखाली, दोन काड्या हाताला लागल्या होत्या. पाच वर्षं! पाच वर्षं तो देवाला दोष देत होता आणि बाईच्या दंडात मूल न होऊ देणाऱ्या काड्या.

तीन मुली होत्या. तिसरीच्या वेळी अकेयोला होडीतून किसुमूच्या इस्पितळात नेताना होडीचा तळ लाल झाला होता. पुढच्या खेपेला बाई हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डॉक्टर काय, काहीही बोलतात, असं ओदेरोचं म्हणणं. त्याने स्पष्ट सांगितलं होतं: काड्या काढ, नाहीतर माहेरी जा. मुली इथेच राहतील.

अकेयो आठवडाभर रडली. मग दामारिसनेच पुढाकार घेतला.

“तुझा बाप रोज स्वप्नात येतो,” ती मुलाला म्हणाली. “दारात बसतो आणि विचारतो, माझं नाव कुठाय? मी नेते हिला. माझ्यादेखत काढून घेते.”

मेलेला माणूस स्वप्नात येऊन नाव मागायला लागला, की घरात जन्मणाऱ्या पोराला ते द्यावंच लागतं. आई आपल्या बाजूची आहे, या विचाराने ओदेरोची छाती फुगली.

सकाळी येताना अकेयो वाटेत थांबली होती. “आई, मला भीती वाटते.”

“ठरलंय ना एकदा? मग चल. आणि त्याच्यासमोर तोंड उघडू नकोस.” दामारिसचा आवाज असा, की वाटेवरच्या शेळ्याही बाजूला झाल्या.

आता अर्धा तास झाला, पाऊण झाला. ओदेरोने उठून दारावर थाप मारली.

“काय चाललंय काय आत? बैल कापताय का?”

“पाच वर्षं रुतलेलं आहे ते!” आतून दामारिस ओरडली. “रश्श्यातली मिरची आहे का, उचलली नि टाकली?”

अखेर सिस्टर कोन्सोलाता बाहेर आली. तिच्या हातातल्या कापसावर आगकाडीएवढ्या दोन मऊ, पांढऱ्या काड्या होत्या.

“घ्या. बघायच्या होत्या ना?”

ओदेरोने त्या चिमटीत धरून उन्हात पाहिल्या आणि थेट जाऊन तळ्यात फेकल्या. परत आला तेव्हा दंडाला पट्टी बांधलेली अकेयो खाली मान घालून उभी होती, आणि सिस्टर पुढचं सांगत होती.

“पट्टी दोन दिवस भिजवायची नाही. दंड काळानिळा पडेल, सुजेल, ते आठवड्याभरात उतरेल. जड उचलायचं नाही. ताप आला, पू झाला, तर लगेच यायचं. पाळी मागेपुढे होईल, घाबरायचं नाही. आणि बाळाचं म्हणाल तर…”

“ते मी सांगते त्याला,” दामारिसने तिला मध्येच अडवलं. “बाहेर रांग बघ केवढी लागलीय.” सिस्टरने दिलेलं कार्ड तिने घडी करून कमरेला गुंडाळलेल्या लेसोच्या कापडात खोचलं.

“कसलं कार्ड?” ओदेरोने विचारलं.

“पट्टी कधी सोडायची त्याचं. तुला बांधायचीय का?”

आठवडाभर दामारिसने सुनेला बादली उचलू दिली नाही. “सिस्टरने सांगितलंय. तुला हात नाहीत?” ओदेरो पाण्याला गेला. धक्क्यावरच्या बायका मासळी पसरता पसरता खिदळल्या. “काय रे ओदेरो, काड्या तुझ्या दंडात होत्या की काय?”

तिसऱ्या आठवड्यात तो तणतणत आईच्या चुलीपाशी आला. “आई, अजून हाताला लागतंय! दोन कडक रेघा आहेत तिथे!”

दामारिसने कपाळावर हात मारला. “अरे, गाय विकली म्हणून खुंट्याचा खड्डा त्याच दिवशी बुजतो का? आत गाठ धरते. वर्षानुवर्षं राहते. काड्या तळ्यात कोणी फेकल्या? तूच ना? मग?”

त्यानेच फेकल्या होत्या.

वर्ष गेलं.

“बारा महिने झाले, आई!” ओदेरोने मक्याच्या उगालीचं ताट दूर सारलं. “ओगोलाच्या बायकोने काढल्या, तर तिला तिसऱ्या महिन्यात दिवस गेले!”

“बाईचं शरीर आहे ते, नळ नाही. फिरवला की पाणी आलं, असं होत नाही.”

“आणि बाबा? ते काय म्हणतात?”

“काल आला होता. म्हणाला, पोरगं जन्मापासून असंच किरकिरं आहे.”

ओदेरो पाय आपटत धक्क्याकडे निघून गेला. अंगणात अकेयो धाकटीच्या वेण्या घालत होती. काहीतरी गुणगुणत होती.

दामारिस घरामागे नवऱ्याच्या थडग्यापाशी जाऊन बसली. कडेचं गवत उपटत राहिली.

“बरं झालं, तू एकदाही स्वप्नात आला नाहीस,” ती हळूच म्हणाली. “आला असतास तर काय तोंड दाखवलं असतं? चार वर्षं थांब अजून. मग बघू.”

लेसोतून तिने ते कार्ड काढलं. घड्यांवर ते मऊ पडलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण सिस्टरने लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलेले शब्द तिला पाठ होते: जुन्या दोन काढल्या. त्याच चिरेतून नव्या दोन बसवल्या.