विमान थांबवा

विमानांचा मेकॅनिक असलेला रितेश मुंबईहून सुट्टीवर आपल्या गावी, कापड्याला आला, आंघोळ करून चहाला बसला आणि त्याच्या काळजात धस्स झालं. काल इंजिनात वाकून काम करताना आपली छोटी टॉर्च आतच तर राहिली नाही ना? त्याने खिसे चाचपले, पिशवी उलटी केली. टॉर्च नव्हती, आणि ते विमान अर्ध्या तासात उडणार होतं.

त्याने साहेबांना फोन लावला. "सर, विमान थांबवा. माझी टॉर्च इंजिनात राहिली असेल."

"एकशे ऐंशी माणसं बसलीत आत! काही निघालं नाही, तर तुझी नोकरी गेली समज," साहेब कडाडले, पण त्यांनी विमान थांबवलं.

तिकडे दोन तास इंजिन तपासणं चाललं होतं. तेवढ्यात इकडे रितेशची आई, बनुबाई, माजघरातून बाहेर आली. "तुझ्या पिशवीतली बॅटरी मीच घेतलेली रे. कणगीमागं मांजरीनं पिल्लं घातलीत, ती बघत व्हते. लय उजेड हाय हिचा."

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून रितेशने फोन उचलला, तोच साहेबांचा फोन आला.



"टॉर्च नाही मिळाली रे," साहेबांचा आवाज कापत होता, "पण दुसऱ्याच कुणाचा तरी पाना निघाला."