आतून वाजणारी सांडशी

"सर, हे काय आहे?"

वैदेहीनं केळ्याचं चित्र दत्तोपंतांसमोर धरलं. दत्तोपंतांनी केळ्याकडं बघितलं, वैदेहीकडं बघितलं, आणि खिडकीबाहेर बघत बसले. ओठ काही हलला नाही. औरंगपुऱ्यातल्या याच खोलीत बसून त्यांनी अर्ध्या शहराला इंग्रजी शिकवलं होतं. दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला आणि सगळी भाषाच गेली. इंग्रजी तर गेलंच, मराठीसुद्धा.

वैदेही स्पीच थेरपिस्ट होती. गेलेली वाचा परत आणायचं काम तिचं. जीव लावून करायची. पण आज तिनं चित्रं पिशवीत भरली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन दमयंतीबाईंना हळूच म्हणाली, "आजी, मी सोडणार नाही. पण फार आशाही धरू नका."

दमयंतीबाईंनी पदराला हात पुसले. "मला कुठं भाषण ऐकायचंय गं! एक शब्द पुरे. चहा गार झाला म्हणून माझ्यावर ओरडले तरी चालेल." आणि त्या पटकन आत वळल्या. मास्तरांची बायको ती. परक्या मुलीसमोर रडायचं नव्हतं.

तेवढ्यात गोकुळ आला. हा मूळचा पिशोर गावचा. शाळेत असताना आत्याकडं राहून सरांच्या शिकवणीला यायचा. आता केस पिकायला लागले होते, वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. पाळी सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच थेट आला होता. सरांच्या पाया पडला, उठला आणि कपाळाला आठ्या घालून खोली बघायला लागला.

"काकू, सर असे काहून बसवले? खिडकीकडं तोंड करून?"

"वारं लागतं रे तिथं," आतून उत्तर आलं.

"छ्या! सर असे कधीच बसले नाय." तो वैदेहीकडं वळला. "मॅडम, सरांची तऱ्हाच न्यारी व्हती. आम्ही पोरं या भिंतीला, अन् सर आमच्याकडं पाठ करून. तोंड स्वयंपाकघराकडं! आमची थोबाडं बघायचा कंटाळा येत आसंल, असं आम्ही म्हणायचो. अन् आवाज? पार गुलमंडीच्या बाजारात ऐकू जावा असा."

वैदेहीला हसू आलं. "शिकवायचे कसं?"

"शब्दांची खानदानं करून. आय-जी-एच-टी हे शेपूट सगळ्यांचं एकच, पुढचं तोंड तेवढं बदलायचं. सर शब्द टाकणार, आम्ही अर्थ वरडणार. पाढेच म्हणा ना. मग सर हात वर करून थांबायचे. लई वेळ थांबायचे. आत काकूंची भांडी वाजायची, अन् मग कुठं पुढचा शब्द."

आत दमयंतीबाईंच्या हातातली बशी ओट्यावर आपटली. बाहेर कुणाचं लक्ष गेलं नाही.

गोकुळनं कुणाला विचारलं नाही. सरांची खुर्ची उचलून गर्रकन फिरवली आणि तिचं तोंड स्वयंपाकघराकडं केलं. मग स्वतः भिंतीला टेकून, मांडी घालून बसला. एवढा थोराड माणूस, पण आवाज पोरासारखा काढला. "सर! आय-जी-एच-टी!"

कूलरची घरघर तेवढी चालू होती. वैदेही पिशवी उचलायला वाकली, आणि दत्तोपंतांच्या घशात काहीतरी खरखरलं.

"ला... इट."

वैदेही वाकली होती तशीच राहिली. गोकुळ कसाबसा म्हणाला, "उजेड."

दत्तोपंतांनी डावा हात वर केला आणि थांबले.

"पुढं, सर! नाइट, म्हणा ना, नाइट," वैदेही कुजबुजली. हात खाली येईना. डोळे दाराकडं लागलेले. आला तो एकच शब्द, आणि आता तोही गेला, असं तिला वाटलं.

तेव्हा आतून आवाज आला. पातेल्यावर सांडशी वाजली. टण्!

हात खाली आला. "नाइट."

"रात्र!"

टण्!

"फाइट."

"लढाई!"

टण्! "ब्राइट." टण्! "साइट." झऱ्याला वाट सापडावी तसे शब्द येत होते. वैदेही मटकन खाली बसली. इतकं शिकली होती, पण असलं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. "अगं बाई, अगं बाई," एवढंच ती म्हणत राहिली.

"डिलाइट," दत्तोपंत म्हणाले.

गोकुळ अडला. त्याचा हा शब्द तेव्हाही हुकायचा. "नाय आठवत, सर."

हात वरच राहिला. सांडशी वाजली नाही. दमयंतीबाई दारात आल्या. सांडशी तशीच हातात, आणि डोळ्यांतून धार लागलेली. ती पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"आनंद," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

"शाब्बास!" दत्तोपंत म्हणाले. अगदी स्पष्ट.

गोकुळ आ वासून बघत राहिला. "काकू, तुम्हाला कसं काय?"

दमयंतीबाई लाजल्या. या वयात, एवढ्या रडण्यातही लाजल्या. "सातवीनंतर शाळा सुटली माझी. इथं येऊन बाहेर मुलांत बसले असते तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. मग हे म्हणाले, तू आत रांधत राहा, मी मोठ्यानं शिकवतो. शब्द समजला की सांडशी वाजव. तोवर मी पुढं जाणार नाही."

गोकुळनं सरांकडं बघितलं, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, आणि आपण टेकलो होतो त्या भिंतीवरून हात फिरवला.

"म्हंजी वर्ग आत व्हता, काकू," तो म्हणाला. "आम्ही नुसते दाराबाहेर बसलेलो."