पत्त्यांपुरता लॅपटॉप

"लॅपटॉपवर काम काय करणार, काका?" दुकानातल्या मुलीने विचारलं. निवृत्त बँक मॅनेजर दिघेंना चार गिऱ्हाइकांसमोर खरं सांगवेना.

"व्हिडिओ एडिटिंग," त्यांनी ऐटीत ठोकून दिलं.

मुलीने सगळ्यात महागडा लॅपटॉप पुढे ठेवला आणि ग्राफिक्स कार्डाचं कौतुक सुरू केलं. दिघे जाणकारासारखी मान डोलवत राहिले. आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती.

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने चष्मा सावरत विचारलं, "यावर पत्ते नीट दिसतील ना गं? दिवसभर तेच खेळत बसतात हे."

दिघेंचे कान लाल झाले. मुलगी मात्र हसली नाही. "दिसतील की. माझे बाबाही त्यांच्या लॅपटॉपवर तेच खेळतात."

दिघेंनी तो लॅपटॉप हळूच मागे सारला. "मग त्यांना जो घेऊन दिलास, तोच दाखव."