डावीकडून तिसरी

कोठडीत पाच माणसं शिरली आणि कोठडी भरली. "इथे तीन-तीन कैदी राहायचे," गाईड मुलगी म्हणाली. जावई म्हणाला, "बापरे!" घर भाड्याने घ्यायला आल्यासारखी म्हातारी भिंती न्याहाळत होती.

म्हातारा मात्र खुशीत होता. जन्मभर छापखान्यात उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, म्हणून सगळे त्याला जुळारी म्हणत. संपात पुढे होता, तेव्हा लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात उचलला गेला आणि चौदा महिने याच कोठडीत राहिला. आता तुरुंगाचं संग्रहालय झालं होतं. "तेव्हा फुकट राहिलो, आता तिकीट काढून आलो!" हा विनोद फाटकापासून तीनदा करून झाला होता. गाईड मुलगी तिन्ही वेळा हसली, बिचारी.

पण नुसती सहल नव्हती ही. शेहेचाळीस वर्षं त्याला बायकोला एक गोष्ट विचारायची होती आणि दर वेळी धीर व्हायचा नाही. आज इथे नाही तर कधीच नाही, असं मनाशी ठरवून तो सगळ्यांना घेऊन आला होता.

"ही ती खिडकी," तो वर बोट दाखवत म्हणाला. "रोज पाच वाजता उडी मारून गज धरायचो आणि लोंबकळायचो. रस्त्यापलीकडे आपली गच्ची दिसायची."

"मला काय सांगताय? निरोप तुम्हीच धाडला होतात. एक दिवस चुकवला नाही मी."

"नाही चुकवलास. पण पाठ करून उभी राहायचीस." जुळाऱ्याचा आवाज एकदम खाली आला. "चौदा महिने तुझी नुसती वेणी बघितली गं. नवी नवरी तू, आणि नवरा तुरुंगात. राग येणारच. पण फार रागावली होतीस का?"

जावई छताकडे बघू लागला. लेकीने पर्सची चेन उगीचच उघडली आणि लावली.

"राग?" म्हातारी उडालीच. "अहो, काहीतरीच काय! पाठ कशाला करीन? चांगली वेणीफणी करून यायचे. तुम्हाला धीर यावा म्हणून हसत उभी राहायचे. सासूबाई म्हणायच्या, नवरा आत आणि हिचे दात बाहेर! तुम्ही कळवलंत तशी डावीकडून तिसरी खिडकी मोजली, आणि तिच्यावरची नजर हलवली नाही."

"ही डावीकडूनच तिसरी आहे."

लेक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही आतून मोजलीत ना?"

"मग? आतच होतो मी."

"आणि आईने बाहेरून. बाहेरून ही उजवीकडून तिसरी होते. ती दुसऱ्याच टोकाला बघत होती!"

जुळारी ओट्यावर मटकन बसला. उलटी अक्षरं सुलट वाचण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या माणसाला हे एवढं कळू नये! आधी तो हसला आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे रागावली नव्हतीस."

"नव्हते हो. आता मात्र रागावणार आहे. शेहेचाळीस वर्षं विचारायला काय झालं होतं? तोंडात खिळे धरले होतेत?" असं म्हणत म्हातारी त्याच्या शेजारी बसली आणि पदराने त्याचे डोळे पुसू लागली. त्याच्या मनावरचं ओझं उतरलेलं तिला दिसत होतं, आणि तिला फार बरं वाटत होतं.

पुसता पुसता तिचा हात थांबला.

"काय गं मुली," तिने गाईडला विचारलं, "मी बघायचे त्या खिडकीत मग कोण असायचं?"

गाईडने हातातला नकाशा उलगडला. "तिथे कोठडी नव्हती, आजी. जेलरसाहेबांची कचेरी होती."

म्हातारीने तोंडावर हात ठेवला.

"तरीच!" जुळाऱ्याने मांडीवर थाप मारली. "त्याची कचेरी मीच झाडायचो. पाच वाजत आले की मला हाकलायचा, आणि खिशातून कंगवा काढायचा!"