घरी ठेवलेला वास

विस्कॉन्सिनच्या रानात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की हार्लनला आपल्याच अंगाच्या वासाचा संशय यायचा. हरणांना माणूस वासावरून कळू नये म्हणून बिनवासाच्या साबणाने अंघोळ, खायच्या सोड्याने दात, आणि शिकारीचे कपडे पाइनच्या पाल्यात बंद डब्यात. ते चढवायचे तेसुद्धा रानाच्या कडेला, गाडीबाहेर कुडकुडत.

"तुझा सगळा वास माझ्या घरात ठेवून जातोस," त्याची बायको आर्डिस म्हणायची. "त्याला सांग, निदान भांडी तरी घास."

त्या दिवशी त्याच्या मचाणाखाली एक हरणी आली. वारा त्याच्याकडून थेट तिच्याकडे वाहत होता. तिने नाक वर करून बराच वेळ काही शोधलं, आणि त्याच्याच झाडाच्या बुंध्याशी निवांत बसली. हार्लनने धनुष्याला बाण लावलाच नाही. तिच्या लेखी इथे कोणी नाहीच, तर मारणार तरी कोण, असं त्याच्या मनात येत राहिलं.

दुपारी तो कपडे न बदलता तसाच घरी आला. दार उघडताच त्याची म्हातारी कुत्री टिली गुरगुरली. मग शेपूट हलवत त्याच्या रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन पहुडली. कोणी डोकं खाजवलं की पडायचे, तसे तिचे कान मागे पडले.

हार्लनने आर्डिसला हाक मारली.

ती स्वयंपाकघरातून कॉफीचा कप घेऊन आली आणि तो खुर्चीशेजारी ठेवून दाराकडे बघत राहिली.

"दार लाव ना जरा," ती खुर्चीकडे वळून म्हणाली. "उगाच सताड उघडलंय. बाहेर तर कोणीच नाही."