ऑर्गन थांबल्यावर कुजबुजणारी बाई

आगरदांड्याच्या रेहानला त्याच्या जन्माआधीच्या एका इंग्लिश रॉक बँडचं सिनेमासंगीत म्हणजे जीव की प्राण. इंटरनेटवर जगभरचे चाहते त्या संगीताच्या आठवणी काढत. शेवटी ऑर्गन थांबल्यावर एक बाई कुजबुजते, हे सगळ्यांना आठवायचं. पण तिची भाषा कुणालाच कळली नव्हती. रेहानला तर ती कधी ऐकूच आली नव्हती. त्यानं तो बेचैन व्हायचा.

आज अम्मी मुरूडच्या बाजारात गेली होती. भर दुपारी त्यानं रेकॉर्ड पुन्हा लावली. ऑर्गन थांबला.

“रेहान, दार उघडू नको रे.”

रेकॉर्डमधून कुजबुजणारा आवाज अम्मीचा होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

“ऊन लागतंय रे,” बाहेरून अम्मी म्हणाली, “दार उघड ना.”