वाकलेल्या पिना

पंखा निघाला, पण एकटा निघाला नाही. त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही खाचेतून उपटून वर आला. लेकीने तो उलटा करून पाहिला आणि मटकन खाली बसली. नखाच्या टोकावर चार-पाच मावतील एवढ्या बारीक सोनेरी पिनांच्या रांगाच रांगा, आणि एका कोपऱ्यातल्या दहा-बारा पिना आडव्या.

"आई, संपलं सगळं."

आई पडद्याच्या पलीकडे होती. पुढची खोली एकच. अर्धीत तिचं ब्यूटी पार्लर, उरलेल्या अर्धीत संसार, आणि आज त्या संसारावर पसरलेला हा कॉम्प्युटर. पोस्टातल्या बाईंच्या चेहऱ्यावर तिने नुकताच लेप लावला होता. वीस मिनिटं बोलायचं नाही, हसायचं नाही, अशी बाईंना सक्त ताकीद होती. बाईंना ती जन्मठेप वाटत होती.

"झालं काय एवढं?"

"पंखा आणि प्रोसेसरच्या मधली जुनी पेस्ट पुसायला पंखा काढत होते. ती वाळून दगड झालीय. जोर लावला तर खालचा प्रोसेसरच आला वर."

"गरम न करता ओढलंस?" आईने कपाळाला हात लावला. "अगं, वॅक्सिंगला मी असं केलं तर गिऱ्हाईक माझ्या झिंज्या उपटेल!"

लेकीला हसू आलं नाही. वर्षभर शेजारच्या चार पोरांना गणित शिकवून तिने हे एकेक जमवलं होतं. कुठल्याशा ऑफिसाने मोडीत काढलेला मदरबोर्ड आणि प्रोसेसर, घासाघीस करून घेतलेली रॅम, एका बाजूला पोचा आलेली कॅबिनेट. सगळं 'परत घेणार नाही' या बोलीवर. तीन वर्षं ती मोबाइलवर दुसऱ्यांना कॉम्प्युटर गेम खेळताना नुसती बघत आली होती. त्यांच्या त्या डोंगरदऱ्यांत आज स्वतः चालायचं होतं. आता एक पिन तुटली की ते चालणं राहिलंच.

आईने पडदा सरकवून हेअर ड्रायर लावला. पंख्याखालचा धातूचा ठोकळा हाताला पुरेसा गरम लागल्यावर भुवया कोरायचा दोरा ताणून धरला, तो ठोकळा आणि प्रोसेसर यांच्या मधल्या फटीत घातला आणि हलकेच इकडेतिकडे ओढला. प्रोसेसर सुटला.

मग तिने भिंगाचा दिवा खाली ओढला आणि केस उपटायचा प्लकर उचलला.

"आई, नको ना. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला काहीही कळत नाही. सरळ कोण आणि वाकडं कोण, एवढं दिसतं की नाही? गप्प बस. आणि उजेडातून बाजूला हो."

पहिली पिन उभी राहिली. दुसरी राहिली. आई घाई करत नव्हती. प्लकरचं टोक पिनेखाली सरकवायचं, केसभर उचलायचं, थांबायचं. पुन्हा केसभर. उभ्या रांगेतून बघायचं, आडव्या रांगेतून बघायचं. एरवी अखंड बडबडणारी ही बाई आता श्वाससुद्धा हिशेबात घेत होती. लेक थक्क होऊन त्या हातांकडे बघत राहिली. हे हात जन्मापासून तिच्या समोर होते, आणि तिने ते कधी पाहिलेच नव्हते.

शेवटची पिन पार झोपली होती. तिथे प्लकर शिरेना. आईने सुई घेतली.

"सावकाश गं!" खुर्चीतून पोस्टातल्या बाई ओरडल्या, आणि त्यांच्या लेपाला कानापर्यंत तडा गेला.

पिन तुटली नाही.

"घे. आता पुढचं तुझं तू कर."

खाचेचा दांडा वर करून लेकीने प्रोसेसर खाचेवर अलगद ठेवला. इथे दाबायचं नसतं. बसला तर आपल्या वजनाने बसतो. क्षणभर तो तिरका राहिला. मग एवढासा आवाज करून आत उतरला.

दांडा खाली. नवी पेस्ट. पंखा. वायरी. तिने बटण दाबलं. पंखा फिरला, आणि बऱ्याच वेळाने, म्हणजे घड्याळाने दहाच सेकंदांत, कॉम्प्युटरचा पडदा उजळला. लेकीने आईला अशी मिठी मारली की सुई टोचता टोचता राहिली.

"एवढी लांबलचक खाच मोकळी कशी?" आईने कॅबिनेटमध्ये वाकून विचारलं. "काही लावायचं विसरलीस का?"

"मुद्दाम ठेवलीय. ग्राफिक्स कार्डची जागा आहे ती. पुढच्या वर्षी घेईन."

मैत्रिणीने भरून दिलेला गेम सुरू झाला. गवताचं माळरान, मधून जाणारी पायवाट, आणि वीस-पंचवीस पावलांवर सगळं धुक्यात बुडालेलं. लेकीचा चेहरा जरा उतरला.

"कॉम्प्युटर स्वस्तातला आहे ना, आई. लांबचं सगळं एका वेळी झेपत नाही त्याला. कार्ड आलं की धुकं जाईल."

"पण पुढे आहे ना काहीतरी?"

"आहे की. खूप आहे. जवळ गेलं की दिसतं."

ती चालू लागली. धुक्यातून एक झाड आलं. मग मोडका पूल, पुलाखालचं पाणी. मग धुकंच जणू गडद झालं, आणि त्यातून डोंगराचा एक कडा वर चढत गेला, चढतच गेला, पडद्याच्या वरच्या कडेतून बाहेर गेला. पोस्टातल्या बाई तडकलेल्या चेहऱ्याने खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या.

लेकीने वेग वाढवला, तसा आईने तिचा खांदा घट्ट धरला.

"पळू नकोस गं," ती म्हणाली. "मला बघू दे."